बोला पटकन, वेळ संपतेय!

समोरचा माणूस बोलतोय. त्याचं वाक्य अजून संपलेलंही नाही आणि स्क्रीनवरची पट्टी झरझर कमी होत चाललीये. गोड बोलायचं, कामापुरतं बोलायचं की सरळ दम द्यायचा? ठरवा पटकन. काहीच ठरवलं नाहीत तर गेमच तुमच्या वतीने ठरवून टाकेल. आणि तुम्ही जे बोललात ते समोरचा विसरणार नाही!

‘अल्फा प्रोटोकॉल’ नावाचा हा गेम तुमच्यापैकी किती जणांनी खेळलाय? आमच्या वर्गात विचारलं तर एकही हात वर आला नाही. साहजिकच आहे म्हणा. २०१० मध्ये तो आला तेव्हा आपण दुसरी-तिसरीत होतो. आणि ज्यांचं खेळायचं वय होतं, त्यांनीही त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मला तो कळला माझ्या मावसभावामुळे. दादाकडे त्याची डीव्हीडी होती. हॉस्टेल बदलता बदलता तिच्यावर इतके ओरखडे आले की ती चालेनाशी झाली. पुन्हा विकत घ्यायला गेला, तर गेम दुकानातूनच गायब! ती गोष्ट पुढे सांगतेच.

गुप्तहेर कसा, तुम्ही ठरवा

अमेरिकेतल्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या स्टुडिओने हा गेम बनवला आणि ‘सेगा’ने तो बाजारात आणला. आपण असतो मायकल थॉर्टन. अमेरिकी सरकारच्या एका छुप्या संस्थेचा नवा एजंट. एक प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं जातं आणि तपासाचा धागा सौदी अरेबियात जातो. पहिल्याच मोहिमेनंतर आपलीच माणसं आपल्यावर उलटतात. मग एकट्याने रोम, मॉस्को, तैपेई. या तीन शहरांपैकी आधी कुठे जायचं हेही आपणच ठरवायचं.

हा थर्ड पर्सन शूटर आहे, म्हणजे आपला हिरो आपल्याला पाठमोरा दिसत राहतो. पण नुसत्या गोळ्या झाडायच्या असं इथे नाही. पिस्तूल, असॉल्ट रायफल, शॉटगन, सबमशिन गन, लपूनछपून वावरणं, हाणामारी, यंत्रांची मोडतोड, गॅजेट्स, दणकटपणा अशी एकूण ९ कौशल्यं आहेत. मिळालेले पॉइंट त्यांत कसे वाटायचे हे तुमच्या हातात. मी पॉइंट टाकले पिस्तूल आणि लपण्यात. पुढे पुढे तर काही क्षण वेळ थांबवून तीन-चार जणांवर एकामागून एक नेम धरता यायला लागला. दादा मात्र त्याच दारातून शॉटगन घेऊन आरडाओरडा करत घुसायचा. गेम एकच, पण आमच्या दोघांच्या गोष्टी वेगळ्या.

बोलण्याच्या तीन तऱ्हांमागेही एक गंमत आहे. बनवणाऱ्यांच्या डोक्यात तीन ‘जेबी’ होते. गोडबोल्या जेम्स बाँड, मोजकं बोलणारा जेसन बॉर्न आणि संतापी जॅक बॉअर. पण गोड बोललं की सगळं जमतं असं समजू नका. काहींना गोड बोलणारा माणूस आवडतच नाही. आणि एखादा आपल्यावर चिडला, तर त्याचाही कधीकधी फायदाच होतो. पहिल्या मोहिमेच्या शेवटी सापडलेल्या दहशतवादी म्होरक्याला मारायचं, अटक करायची की सोडायचं? रोममध्ये ओळखीच्या एका मुलीला वाचवायचं की बॉम्ब निकामी करून अनोळखी माणसांना? इथे ‘बरोबर उत्तर’ असं काही नाही. जे केलं, ते घेऊन पुढे जायचं.

मग हा आपटला का?

खरं सांगायचं तर दोष भरपूर होते. नेम धरून गोळी झाडली तरी कौशल्याचे पॉइंट कमी असतील तर ती भलतीकडेच जायची. निव्वळ शूटर समजून आलेला माणूस इथेच वैतागायचा. शत्रू कधी भिंतीकडे तोंड करून उभे, तर कधी गरुडासारखी नजर. आणि मॉस्कोतला ब्रायको! ऐंशीच्या दशकाच्या प्रेमात बुडालेला हा गुंड चाकू घेऊन धावत येतो, तेव्हा लपण्यावर घालवलेले सगळे पॉइंट पाण्यात जातात. मी त्याच्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय.

त्यात वर्ष कुठलं? जानेवारीत ‘मास इफेक्ट २’ येऊन गेलेला, मे महिन्यात ‘रेड डेड रिडेम्प्शन’ आलेला. त्यांच्या झगमगाटात हा कुठे दिसणार? विक्री बेताचीच झाली आणि दुसरा भाग काढणार नाही, असं सेगाने सांगून टाकलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑब्सिडियनचाच ‘फॉलआउट: न्यू वेगास’ आला. त्याचं नाव आजही निघतं.

गायब आणि परत

२०१९ च्या जूनमध्ये हा गेम ‘स्टीम’वरून काढला गेला. कारण काय, तर त्यातल्या गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली होती! ज्यांनी आधीच घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. नव्याने घेणाऱ्याला मात्र दार बंद. जवळपास पाच वर्षं ही स्थिती होती. मार्च २०२४ मध्ये ‘जीओजी’ या दुकानाने तो परत आणला. तिथे घेतलेल्या गेमची इन्स्टॉल करायची फाइल आपल्याकडे साठवून ठेवता येते आणि एकदा उतरवला की खेळायला इंटरनेट लागत नाही. दादाने पहिल्याच आठवड्यात घेतला. पाठोपाठ मी.

आपल्या पिढीची गाणी, सिनेमे, गेम सगळं ‘ऑनलाइन आहे ना’ म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एका गाण्याचा करार संपला म्हणून शेकडो लोकांची मेहनत दुकानातून उठू शकते. तेव्हापासून विकत घेतलेल्या गोष्टींची एक प्रत मी हार्ड डिस्कवर ठेवायला लागले.

माझी पट्टी

आता थोडं माझं. इंटर्नशिपमधली पहिली मुलाखत घ्यायला मी तयारी न करता गेले होते. समोरच्या बाईंनी दोन उत्तरं दिली आणि विचारलं, ‘‘माझं काम तू पाहिलंयस का गं?’’ मी गप्प. डोळ्यांसमोर ती पट्टी कमी होताना दिसत होती. त्यांनी चहा दिला आणि दहा मिनिटांत निरोपही.

‘अल्फा प्रोटोकॉल’मध्ये प्रत्येक माणसाची एक फाइल असते. भेटण्याआधी जमेल तितकी माहिती गोळा करायची. ती वाचलेली असेल तर बोलताना कधीकधी एखादा असा पर्याय समोर येतो, जो एरवी दिसलाच नसता. मी गेममध्ये हे इमानदारीत करत होते आणि खऱ्या कामात नाही!

पुढच्या मुलाखतीआधी दोन रात्री बसून वाचलं, वहीत टिपणं काढली. वीस मिनिटांसाठी बोलावलेल्या काकांनी दीड तास गप्पा मारल्या.

सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत नवाकोरा, महागडा गेम घेणं जमणार नसेल, तर हा बघा. माझ्या साध्या लॅपटॉपवरही चालला. फक्त ब्रायकोकडे जाण्याआधी थोडे पॉइंट दणकटपणावर टाका. मग सांगितलं नाही म्हणू नका!