माळ्यावरची वटवाघळं आणि बागेतली ब्लू टिट

इंग्लंडमध्ये घर घेतलं की आपल्या मंडळींच्या डोक्यात लगेच लॉफ्ट येतो. आई-बाबा सहा महिने राहायला येणार, वर एक खोली काढून टाकू! पण कौलांखाली पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळं निघाली की काम थांबवावं लागतं. 1981 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला ते वापरात असेपर्यंत संरक्षण आहे. वटवाघळांच्या जागेला मात्र ती तिथे नसतानाही. असा दुजाभाव का?

बागेतली ब्लू टिट बघा. आपल्याकडच्या रामगंगेची ही नातलग, वजन साधारण 11 ग्रॅम. एका वसंतात आठ-दहा अंडी घालते. पिल्लं बरीच मरतात, पण तोटा लवकर भरून निघतो. पिपिस्ट्रेल तिच्याही निम्मं, जेमतेम 5 ग्रॅमचं, काडेपेटीत मावेल एवढं. इतक्या छोट्या जिवाला उंदरासारखी भराभर पिल्लं होत असतील असं वाटतं ना? पण मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं, आणि तेही दुधावर वाढवायचं. त्यासाठी उन्हाळ्यात माद्या उबदार छपराखाली एकत्र जमतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येतात. ती फट बुजवली की अख्ख्या वस्तीचं बाळंतघर गेलं.

तपासणीचा खर्च आपल्याच खिशातून जातो, हे चडफडण्यासारखं आहेच. पण कायदा मला पटतो. लॉफ्ट करायचाच असेल तर चौकशी आधी करा. वटवाघळं बाहेर पडताना मोजायची ती मे ते सप्टेंबरच्या संध्याकाळी. डिसेंबरात बिल्डर मोकळा सापडला म्हणून काही उपयोग नाही.