जिभेला वळण

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक गुरू मासा! गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो प्राणाला मुकतो. तिथेच अवधूत सांगतो, उपाशी राहून बाकीची इंद्रियं जिंकता येतील, जीभ मात्र नाही. उपाशी माणसाची जीभ उलट जास्तच वखवखते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंत हेच म्हणतात, आहार सोडला की विषय सुटतात, गोडी मात्र आत उरते. आपल्या आयाबायांनी तर दोन शब्दांत सांगून टाकलं, एकादशी आणि दुप्पट खाशी.

मग करावं काय? जिभेला कोंडू नका, वळण लावा.

आपण घाटकोपरकर. स्टेशनातून बाहेर पडलं की वडापावचा वास, पुढे खाऊगल्ली. दिवसभर राबून आलेला माणूस तिथे थांबला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपले आजोबा-पणजोबा कोकणातून, देशावरून गिरणीत आले ते नाचणीची, ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेले. आज तीच भाकरी नातवाला बेचव का लागते? धान्य तेच आहे, जीभ बदलली आहे.

आणि बदललेली जीभ पुन्हा बदलते, बरं का! जिभेवर चव ओळखणाऱ्या ज्या बारीक कळ्या आहेत, त्यांतल्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत झडून नव्या येतात. शिवाय सवय ही मोठी गोष्ट. अमेरिकेत १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही महिने कमी मिठाचं खाणाऱ्यांना पुढे कमी मीठच आवडू लागलं. पूर्वीचं त्यांना खारट वाटू लागलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आतच मीठ खा म्हणते. लोणचं, पापड, फरसाण, सगळं त्यातच धरायचं.

आमच्या एका श्रोत्या माउलीच्या यजमानांना रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. पहिले आठ दिवस ते ताट सरकवून उठायचे. माउली भांडली नाही. मीठ थोडं थोडं कमी करत गेली; लिंबू, कोथिंबीर, जिरं वाढवत गेली. दोनेक महिन्यांनी एका लग्नात जेवताना तेच म्हणाले, “अहो, आमटी किती खारट!”

भाकरीचंही तसंच. घास सावकाश चावा. लाळेतला पाचकरस पिठातल्या पिष्टाची साखर करू लागतो आणि भाकरी आपोआप गोड लागते. घाईने गिळणाऱ्याला ती गोडी कशी कळावी? दुसरं असं, धान्याचा कोंडा राहिला की ते सावकाश पचतं, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. मैद्याचं चटकन पचतं आणि तासा-दोन तासांत पुन्हा काहीतरी चटपटीत हवं होतं. त्याला आपण भूक म्हणतो, पुष्कळदा ती नुसती चटक असते.

कोणी म्हणेल, बुवा, सात्त्विक म्हणजे बेचवच ना? नाही! सतराव्या अध्यायात सात्त्विक अन्न कसं असतं हे सांगताना भगवंत पहिला शब्द वापरतात ‘रस्य’, म्हणजे रसाळ. राजस अन्नात खारट, आंबट, तिखट यांच्यामागे ‘अति’ लागलेला आहे. वैर चवीशी नाही, त्या ‘अति’शी आहे.

म्हणून चातुर्मासात वांगं सोडता, कांदा-लसूण सोडता, तसा आणखी एक नेम करा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज एका जेवणाला भाकरी किंवा हातसडीचा भात, आणि चहातली साखर दर पंधरा दिवसांनी थोडी कमी. एकदम नको. ज्यांना मधुमेहाचं औषध चालू आहे त्यांनी ते मनाने सोडू नये, डॉक्टरांना विचारूनच खाण्यात बदल करावा.

जिभेला देवाने दोन कामं दिली, चव घेणं आणि बोलणं. नामाचंही असंच आहे, बाबांनो. पहिले काही दिवस नाम कोरडं लागतं, मन जांभया देतं. नेम सोडला नाही तर हळूहळू गोडी लागते, आणि मग बाकीची बडबडच खारट वाटू लागते! रामकृष्णहरी.