जुनी हार्ड डिस्क विकण्याआधी एवढं वाचा

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, म्हणजे माहिती गेली असं आपण समजतो. जात नाही! पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. क्विक फॉरमॅटचंही तेच.

एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलात यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्ड नंबर सापडले. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला आजही ते वाचताना धडकी भरते. आपल्या डिस्कवर तर आधार, पॅन, पोरांचे फोटो, सगळंच असतं.

उपाय सोपा आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहायची. विंडोजमध्ये डिस्कपार्टची 'क्लीन ऑल' कमांड हेच करते. (नुसतं 'क्लीन' पुरत नाही, आणि डिस्कचा नंबर दोनदा तपासा, चुकीची निवडली तर परत मिळणार नाही.) मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. पस्तीस वेळा पुसायचा सल्ला १९९६ च्या एका शोधनिबंधातून आलाय. आजच्या डिस्कला एकदा नीट पुसलं की पुरतं.

एसएसडीचं गणित वेगळं. ती लिहिण्याची जागा आपणच बदलत राहते, म्हणून वरून लिहिलं तरी जुने तुकडे उरू शकतात. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा.

डिस्क सुरूच होत नसेल? मग भंगारात देण्याआधी उघडून तबकड्यांचीच मोडतोड करा. डोळ्यांवर चष्मा हवाच, काही तबकड्या काचेच्या असतात.