कारंज्याच्या मातेची श्रद्धा

पौष शुद्ध द्वितीया हा श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचा जन्मदिन. वाशीम जिल्ह्यातील कारंजा ही त्यांची जन्मभूमी असून शके १३००, म्हणजे इ. स. १३७८, हे त्यांचे जन्मवर्ष परंपरेने मानले आहे. जन्मोत्सवाच्या दिवशी भाविकांची दृष्टी स्वाभाविकपणे पाळण्यातील बाळाकडे वळते. परंतु त्या बाळाची वाट पाहणारी माता अंबाभवानी हिचे चरित्रही तितकेच मननीय आहे. ज्या घरात प्रथमच पाळणा हलावयाचा आहे, त्या घराने तर ते अवश्य आठवावे.

‘गुरुचरित्रा’त सरस्वती गंगाधरांनी ही कथा अंबेच्या पूर्वजन्मापासून सांगितली आहे. कृष्णेच्या प्रवाहातील कुरवपूर या स्थानी अंबिका नावाची ब्राह्मणस्त्री राहत असे. तिची मुले जगत नसत. पुढे एक पुत्र वाचला, पण तो मंदबुद्धी निघाला. त्यातच पतीचे निधन झाले. लोकनिंदेने गांजलेली ही मायलेकरे नदीत देह टाकण्यास निघाली असता श्रीपादश्रीवल्लभांनी त्यांना अडविले, मुलाच्या मस्तकी हात ठेविला आणि मातेस शनिप्रदोषाचे व्रत सांगून पुढील जन्मी आपल्यासारखा पुत्र होईल असे वचन दिले. तीच अंबिका कारंज्यास अंबाभवानी म्हणून जन्मास आली आणि शिवभक्त माधवाची पत्नी झाली.

साक्षात ईश्वराचे वचन लाभलेल्या या मातेस पुढे तरी सारे सुखच मिळावे, असे आपणास वाटते. कथा मात्र तसे सांगत नाही. बाळ जन्मले, ते ॐकार उच्चारीत. ज्योतिषांनी हा जगद्गुरू होईल, संसारात रमणार नाही, असे भाकीत केले. नरहरी असे त्याचे नाव ठेविले. परंतु थोड्याच दिवसांत पहिली चिंता उभी राहिली. मातेचे दूध बाळास पुरेना. दाई ठेवावी, नाही तर एखादी शेळी आणावी, असा विचार आईबापांनी केला. तेव्हा बाळाने हात लावताच मातेच्या स्तनातून दुधाच्या बत्तीस धारा वाहू लागल्या, असे कथा सांगते.

त्यानंतर आली ती याहून मोठी परीक्षा. बाळ वाढू लागले, पण ॐकाराखेरीज एक शब्दही बोलेना. तीन वर्षे झाली, सात झाली. आईबापांनी पिंपळाच्या पानावर जेवू घातले, कुलदेवतेस साकडे घातले, अनेक उपाय केले. अखेर मुंजीत मातेने पहिली भिक्षा घातली आणि त्या मुक्या मानलेल्या मुलाच्या मुखातून वेद प्रकटले. परंतु हा आनंद भोगण्यापूर्वीच त्याने संन्यासासाठी निघण्याची अनुज्ञा मागितली! मातेच्या शोकाला पार राहिला नाही. नरहरीने तिला पूर्वजन्माचे स्मरण दिले, आणखी पुत्र होतील असे आश्वासन दिले, आणि तिला जुळे पुत्र होऊन ते तीन महिन्यांचे होईपर्यंत तो घरी राहिला. मग तो काशीस गेला. पुढे नृसिंहसरस्वती होऊन अनेक वर्षांनी तो कारंज्यास परतला, तेव्हा मातापित्यांना त्याचे दर्शन घडले.

या कथेतील श्रद्धा म्हणजे संकट न येण्याची हमी नव्हे. अंबाभवानीच्या वाट्यास चिंता आली, वियोगही आला. तिने बाळ कसे हवे याविषयी हट्ट धरला नाही. ते जसे आले तसे आपले मानले. हाताशी असलेला उपायही सोडला नाही. ईश्वराचे वचन असूनही या दांपत्याने दाईचा आणि शेळीचा विचार केला, हे विसरून चालणार नाही.

आजच्या गरोदर स्त्रीस हाच विवेक उपयोगी आहे. प्रारंभीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांतील दोष असतो. त्यात मातेचा अपराध नसतो. म्हणून अंबिकेप्रमाणे तिला दूषणे देणे हे अधर्माचेच कृत्य होय. दूध कमी वाटल्यास बाळास वारंवार पाजल्याने ते वाढते, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरीही बाळाचे वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांस दाखवावे. मूल बोलत नसेल तर नवस अवश्य करावा, पण आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. बहिरेपण जितके लवकर कळेल तितका उपचार सुकर होतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. देवदर्शनाइतक्याच नेमाने ही तारीखही पाळावी.

कारंज्याच्या गुरुमंदिरात ओटी भरून घेणाऱ्या लेकीसुनांना सुखरूप प्रसूतीचा आशीर्वाद लाभो, अशीच सर्वांची इच्छा असते. त्याबरोबर, वाटेत काही अनपेक्षित घडले तरी घरातील माणसांनी तिचा हात सोडू नये, एवढी प्रार्थना या पर्वकाळी आपण सर्वांनी करावी.