चार चाकं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका: पहिल्यांदा एटीव्ही चालवायला जाताना

ईदची सुट्टी असो की मे महिन्याची, नांदेड-लातूरच्या घरांमध्ये सहलीचे बेत आता बदलू लागले आहेत. पूर्वी एक दिवस फिरायचं म्हणजे सहस्रकुंडचा धबधबा, कंधारचा किल्ला आणि हाजी सय्याह यांचा दर्गा, नाहीतर उदगीर. आता मुलं मोबाईलवर रील दाखवतात आणि म्हणतात, "अब्बा, ती चार चाकांची बाईक चालवायचीय." हीच एटीव्ही. कोणी तिला क्वाड बाईक म्हणतं. कोकणातल्या किनाऱ्यांवर, लोणावळ्याच्या साहसी उद्यानांत आणि हैदराबादच्या आसपास ती भाड्याने मिळते.

जायला आमची ना नाही. मोकळ्या हवेत घरच्यांसोबत घालवलेला दिवस चांगलाच. पण बहुतेक घरं या गाडीला जत्रेतल्या पाळण्यासारखं समजतात. चार चाकं आहेत म्हणजे पडायची भीती नाही, असं धरून मोठ्या भावाच्या मागे बहीण आणि पुढे टाकीवर पाच वर्षांचा मुलगा बसवतात. धोका इथेच सुरू होतो.

ही गाडी उलटते कशी?

आपल्या भागात ट्रॅक्टर उलटल्याच्या बातम्या नव्या नाहीत. बांधावर एक चाक चढलं, उतारावर वळण घेतलं, मडगार्डवर माणसं बसलेली होती, आणि गाडी अंगावर आली. एटीव्हीचंही तसंच होतं. गाडी उंच, दोन चाकांतलं अंतर कमी आणि चालवणारा वर बसलेला. मोठ्या माणसांच्या एटीव्हीचं वजन 300 किलोच्या आसपास असू शकतं. बाईक घसरली तर माणूस बहुधा बाजूला फेकला जातो. एटीव्ही उलटली तर ती माणसावर पडते.

या गाडीचा इतिहासही हेच सांगतो. 1970 मध्ये होंडाने अमेरिकेत तीन चाकांची अशी गाडी बाजारात आणली. पुढे अपघात इतके वाढले की 1988 मध्ये तिथलं सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला आणि नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली. त्यानंतर चारचाकीच राहिली, पण उलटण्याचा धोका संपला नाही.

सीट लांब असते, म्हणून ती दोघांसाठी आहे असं वाटतं. खरं तर वळणावर आणि चढ-उतारावर चालवणाऱ्याला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकता यावं म्हणून ती लांब ठेवलेली असते. मागे कोणी बसलं की ती जागाच उरत नाही. दोघांसाठी बनवलेलं मॉडेल वेगळं येतं आणि गाडीवरच्या सूचनेत तसं लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर एका गाडीवर एकच माणूस.

मुलांचं काय?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: 16 वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवू नये आणि तिच्यावर मागेही बसू नये. कारण सरळ आहे. एवढी जड गाडी वळवायला शरीराचं वजन आणि ताकद लागते, आणि क्षणात योग्य निर्णय घ्यायची समजही लागते. मुलगा कितीही हुशार असला तरी हे वयाबरोबरच येतं.

काही ठिकाणी मुलांसाठी छोट्या, वेग बांधलेल्या गाड्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे धोका कमी होतो, पण जात नाही. आमचं मत विचाराल तर लहानांना किनाऱ्यावर वाळूत खेळू द्या, पतंग उडवू द्या आणि "16 चा झालास की नक्की" असा शब्द द्या. थोडी रडारड होईल. ती परवडते.

एक कायदेशीर गोष्टही लक्षात ठेवा. एटीव्हीला साधारणपणे रस्त्यावर चालवायची नोंदणी नसते. ती बंद मैदानात किंवा आखलेल्या ट्रॅकवरच चालवायची असते. आणि अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्सही मिळत नाही.

बुरखा, ओढणी आणि चाक

आपल्या घरांसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका यावरच कोणी बोलत नाही. एटीव्हीची चाकं उघडी असतात आणि पाय चाकांच्या अगदी जवळ असतात. लोंबणारी ओढणी, दुपट्टा, लांब अबाया किंवा बुरख्याचा घेर चाकात किंवा साखळीत अडकला तर गळ्याला फास बसू शकतो. बाईकच्या चाकात ओढणी अडकून झालेले अपघात आपण ऐकले आहेतच.

याचा अर्थ मुलींनी फक्त फोटो काढत उभं राहावं, असा नाही. पर्दा सांभाळूनही सुरक्षित कपडे घालता येतात. सैल पण गुडघ्यापर्यंतच लांब असलेला कुर्ता, खाली जाड पॅन्ट, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि डोक्याला घट्ट बसणारा, कुठेही न लोंबणारा हिजाब. हिजाबची पिन प्लास्टिकची किंवा बिनटोकाची घ्या, कारण वरून हेल्मेट घालायचं आहे. हेल्मेटखाली जाड थर आला की ते सैल बसतं, म्हणून पातळ कापडाची हिजाब-टोपी बरी. जिला अबाया काढायचाच नाही, तिने गाडीवर बसू नये. हे आधी घरातच ठरवा. तिथे जाऊन वाद नको.

पुरुषांनाही हेच लागू. लुंगी, सैल पायजमा, चप्पल चालणार नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि पूर्ण चेहरा झाकणारं हवं. तिथलं हेल्मेट तुटकं किंवा सैल असेल तर घरून स्वतःचं न्या.

कुठे जायचं, कसं जायचं?

नांदेडकरांना देगलूर-संगारेड्डी मार्गे हैदराबाद जवळ पडतं. लातूरकरांना उमरगा-जहीराबाद मार्गे. कोकणात जायचं तर नांदेड-पनवेल एक्स्प्रेस लातूर आणि पुण्यावरून जाते. पनवेलहून पेण-वडखळ करत अलिबागला पोचता येतं.

पहिल्या वेळी किनाऱ्यापेक्षा कुंपण असलेला ट्रॅक बरा. किनाऱ्यावर पायी फिरणारी माणसं, घोडे, पळणारी पोरं सगळी एकाच वाटेवर असतात, आणि भरतीच्या वेळी जागा कमी होत जाते. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. तिथे गाडी चालवणं म्हणजे त्या अंड्यांवरून चाक नेणं.

गावाकडच्या शेतात कोणाची गाडी मिळाली म्हणून तिथेच शिकायचं, हेही टाळा. काळी माती ओली झाली की चाकाला चिकटते आणि स्टेअरिंग वळत नाही. कोरडी झाली की भेगा पडतात. मुरमाच्या उतारावर चाक सरकतं. आणि कठडा नसलेल्या विहिरी आपल्या शिवारात कमी नाहीत.

चालकाला विचारायचे प्रश्न

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केलं. त्यानुसार अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. म्हणून पैसे देण्याआधी फोनवरच विचारा:

- तुमची नोंदणी आहे का?
- गाडी किती सीसीची? नवशिक्यासाठी कमी ताकदीची गाडी आहे का, आणि वेग बांधता येतो का?
- आधी शिकवता का, आणि सरावाला किती वेळ देता?
- गाडीला इंजिन ताबडतोब बंद करायचं बटण किंवा मनगटाला बांधायची दोरी आहे का?
- प्रथमोपचार पेटी आणि जवळचं हॉस्पिटल?

"काही होत नाही हो, लहान पोरंही चालवतात" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चला.

विम्याचंही बघा. अनेक खासगी अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसी वाचूनच निघा.

गाडीवर बसल्यावर

वेग वाढवायला उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते. ती हलकेच दाबायची. बाईक चालवणाऱ्यांची एक सवय इथे घातक ठरते. तोल जातोय असं वाटलं की ते पाय खाली टेकवतात. एटीव्हीवर पाय खाली गेला तर मागचं चाक त्याच्यावरून जाऊ शकतं. पाय सतत पायदानावरच ठेवा.

वळताना वेग आधी कमी करा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. चढावर पुढे झुका, उतारावर मागे. उतारावर आडवी गाडी नेऊ नका. डांबरी रस्त्यावर ही गाडी आणखी बेभरवशाची होते, कारण तिचे मऊ टायर मातीसाठी बनवलेले असतात. पहिली 10-15 मिनिटं सपाट जागेत फक्त थांबणं, निघणं आणि वळणं एवढंच करा. पुढच्या गाडीपासून लांब राहा. चालवताना सेल्फी अजिबात नको.

नमाज, जेवण, मोसम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम चांगला. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दुपारी चक्कर येण्याची भीती. रोजा असताना हा खेळ नकोच. तहान लागलेली असली की लक्ष कमी होतं. सकाळी लवकर ट्रॅक, मग जेवण, मग जोहर, असा क्रम ठेवला तर घाई होत नाही. हनफी मसलकाप्रमाणे साधारण 78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि 15 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार रकात फर्ज कसर होते. शंका असेल तर निघण्याआधी इमाम साहेबांना विचारा. हलाल जेवणाची सोय फोन करून आधीच पक्की करा, नाहीतर घरून डबा. वुजूसाठी पाणी गाडीत असू द्या.

काही झालंच तर

महाराष्ट्रात 108 ही मोफत रुग्णवाहिका आहे. कोणी गाडीखाली सापडलं तर आधी इंजिन बंद करा आणि चौघांनी मिळून गाडी उचला. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला ओढू नका, बसवू नका. डोक्याला मार लागला आणि माणूस ठीक बोलतोय, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. उलटी, गुंगी, बडबड ही धोक्याची लक्षणं आहेत.

जान ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. प्रवासाची दुआ पढूनच निघा, आणि गाडीवर बसण्याआधी हेल्मेटचा पट्टा ओढून बघा. घरातून निघालेली सगळी माणसं संध्याकाळी दस्तरख्वानवर बसलेली असावीत, एवढंच सहलीचं यश पुरेसं आहे.