आधी वासरू, मग खरवस

संपादकांना पारनेर तालुक्यातल्या दूधधंद्यावर लेख हवा होता. पारनेर म्हटलं की सेनापती बापटांचं जन्मगाव, राळेगणसिद्धी, निघोजचे रांजणखळगे ओघाने येतातच. दुधाची हकिगतही साधारण माहितीची आहे. तालुका पर्जन्यछायेतला, पावसाचा भरवसा नाही, म्हणून ज्वारी-बाजरीच्या जोडीला दावणीला गाय. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बायफ' ही संस्था सुरू केली आणि पुढे संकरित गाई या भागात घरोघर आल्या. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणी अडलं, चारा झाला, दूध वाढलं. आज सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते आणि फॅट-एसएनएफवर भाव ठरतो. पण कान्हूर पठाराच्या बाजूला एका घरी गाय व्याली होती. माझा बराचसा वेळ तिथल्या चुलीपाशीच गेला.

व्यालेल्या गाईचं पहिल्या काही दिवसांचं दूध, म्हणजे चीक, डेअरी घेत नाही. तापवला की तो गोठतो; चुकून टाकीत गेला तर इतरांच्या दुधाचंही नुकसान. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांतही दुधाची व्याख्या चीक वगळूनच केलेली आहे. त्यामुळे जे विकता येत नाही ते घरात राहतं, शेजारीपाजारी जातं, आणि त्याचा खरवस होतो.

खरवस घट्ट कसा होतो, याचं मला फार नवल वाटतं. त्यात विरजण नाही, अंडं नाही, चायना ग्रास नाही. गाईच्या साध्या दुधात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास असतात. पहिल्या धारेच्या चिकात ती १४ टक्क्यांच्या घरात जातात. त्यातला मोठा वाटा रोगप्रतिकारक प्रथिनांचा. वाफेवर ती उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि दूध धरून ठेवतात. ही प्रथिनं तिथे असतात ती वासरासाठी. गाईच्या पोटात असताना आईची प्रतिकारशक्ती वासराला मिळत नाही. ते जन्मतं अगदी उघडं. चीक प्यायला तरच ती त्याच्या रक्तात उतरते, तीही पहिल्या २४ तासांतच. त्यानंतर आतड्याची ती वाट बंद होते. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात साधारण ३ लिटर चीक हवा, आणि पहिल्या दोन तासांतला सगळ्यात मोलाचा.

त्या घरातल्या मावशींना हे आकडे सांगायची गरज नव्हती. वासरू आधी सडाला लागलं, पोटभर प्यालं, मग कासेखाली चरवी गेली. चीक पिवळा, दाट, चरवीच्या कडेला चिकटणारा. त्यात दूध किती घालायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "घट आसंल तर दोन वाट्या, पातळ आसंल तर येक. मी सांगून कसं व्हईल? वाटीच सांगती." म्हणजे खरोखरच वाटी. एक वाटी चिकात दोन वाट्या दूध मिसळून त्यातलं थोडंसं त्यांनी लहान वाटीत घेतलं आणि वाफेवर ठेवलं. लागलं, पण रबरासारखं ताठ. मग पातेल्यात आणखी अर्धी वाटी दूध गेलं. दुसऱ्या दिवशीच्या चिकात दूध निम्म्याने कमी, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीच. म्हशीचा चीक जास्त दाट, त्याला दूध जास्त लागतं.

गूळ किसून गार दुधातच विरघळवला आणि मिश्रण फडक्यातून गाळलं, कारण गुळात खडे निघतात. वेलची आत, जायफळ वरून. डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवला, झाकणाला फडकं बांधलं, म्हणजे वाफेचं पाणी वर टपकत नाही. आच मंद. आच मोठी झाली की खरवसाला जाळी पडते आणि पाणी सुटतं. शहरात कुकरमध्ये करतात. तेव्हा शिट्टी काढून ठेवायची. पंचवीसेक मिनिटांनी सुरी घालून बघायची, कोरडी निघाली की उतरवायचं. गरम असताना वड्या पाडायच्या नाहीत.

काळजी वाटते ती पुढच्या गोष्टींची. आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत खरवस बारमाही मिळतो. त्यातला बराचसा दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि चायना ग्रासचा असतो. त्याने निदान वासराचं काही जात नाही. पण खऱ्या चिकाला पैसे मिळू लागले की दावणीजवळचा हिशेब बदलतो. संकरित गाय चीक भरपूर देते, वासराला पुरून उरतो. मात्र तो गावठी गाईच्या चिकापेक्षा बहुधा पातळ असतो, म्हणून वासराला तो जास्तच प्यावा लागतो. त्यातून गोऱ्हा झाला तर त्याच्या पोटाकडे बघायला कुणाला सवड नसते. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही, आणि २०१५च्या कायद्यानंतर तो कत्तलीसाठी विकताही येत नाही. तो अर्धपोटी राहिला तर हगवणीने जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच दूध केंद्रावर होत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. गाय आटवताना कासदाह होऊ नये म्हणून सडात प्रतिजैविकाच्या नळ्या सोडतात. गाय ठरलेल्या मुदतीआधी व्याली तर ते औषध चिकात उतरू शकतं. कच्चा चीक बोटाने चाखायची सवयही सोडायला हवी. सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूचा संसर्ग दुधातून माणसालाही होतो. वाफेवर नीट शिजवलेल्या खरवसाला ती भीती नाही, पण औषधाचा अंश शिजवून जातोच असं नाही.

तेव्हा ओळखीच्या गवळ्याकडून चीक घ्याल, तर भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: वासरू पोटभर प्यालं का, आणि गाय आटवताना सडात औषध सोडलं होतं का? पहिल्याचं उत्तर नाही किंवा दुसऱ्याचं हो आलं, तर त्या वेळचा चीक घेऊ नका.