ऑपरेशननंतरचे दुखणे अंगावर काढू नका



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. वीटभट्टीवर, गोदामात, बांधकामावर ओझी उचलणाऱ्या पुरुषांपैकी कुणाच्या तरी जांघेवर फडका घट्ट आवळून बांधलेला असतो. विचारले की उत्तर येते, "काही नाही ताई, अंतर्गळ आहे. गाठ वर येते, दाबली की आत जाते." किती वर्षे झाली? "चार-पाच झाली असतील." मग ऑपरेशन का नाही केले? याचेही उत्तर ठरलेले असते: "फार दुखतं म्हणतात. आणि दोन-तीन महिने घरी बसलो तर पोरांनी खायचं काय?"

दुखण्याची भीती आणि मजुरी बुडण्याची भीती. दोन्ही खऱ्या आहेत, त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण या दोन्ही प्रश्नांवर डॉक्टरांनी गेली कित्येक वर्षे संशोधन केले आहे आणि त्यातले काही मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. ते समजून घेतले तर ऑपरेशनला जाताना काय विचारायचे आणि काय मागायचे, हे आपल्याला कळेल.

अंतर्गळ म्हणजे काय?

अंतर्गळ म्हणजेच हर्निया. पोटातली आतडी जागेवर राहावीत म्हणून स्नायूंची भिंत असते. पुरुषांच्या जांघेत या भिंतीतून वृषणाकडे जाणारी नळी बाहेर पडते, त्यामुळे ती जागा मुळातच कमकुवत असते. तिथून आतडे खाली सरकले की गाठ दिसते. साधारण चार पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बायकांनाही होतो, पण कमी.

पट्टा बांधून किंवा औषध घेऊन हे भोक बुजत नाही. त्याला ऑपरेशनच लागते. वाट पाहण्यात मोठा धोका असा की एखाद्या दिवशी आतडे त्या भोकात अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते काळे पडू लागते. गाठ आत जात नाही, कडक झाली, फार दुखते, उलट्या होतात, पोट फुगले, शौच आणि वारा बंद झाला, असे झाल्यास सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला खायला देऊ नका आणि गाठ जोर लावून आत ढकलू नका.

दोंडाईचाची जाळी आणि पुण्याची पट्टी

पूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये भोकाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ओढून एकत्र शिवत. फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ न लावता नुसत्याच कडा ओढून शिवल्या तर शिवण ताणते, तसेच इथे व्हायचे. ताणामुळे दुखायचे आणि कधी शिवण सुटून हर्निया परत यायचा. अमेरिकेतले डॉ. आयर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात ठिगळाची पद्धत रुजवली. भोकावर बारीक जाळी बसवायची, ताण द्यायचा नाही. तेवढीच जागा बधिर करूनही हे ऑपरेशन होते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकतो.

अडचण जाळीच्या किमतीची होती. परदेशी जाळी गरिबाला परवडत नव्हती. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर उपाय शोधला. मच्छरदाणीचे विशिष्ट प्रकारचे कापड त्यांनी नीट तपासले, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केले आणि जाळी म्हणून वापरले. अनेक ठिकाणच्या डॉक्टरांसह केलेल्या या कामाचा अहवाल २००३ साली भारतीय शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आला. (इथे घरातली मच्छरदाणी अभिप्रेत नाही, हे सांगायला हवे. कापड कोणते आणि ते निर्जंतुक कसे करायचे, याचे शास्त्र आहे.)

पण डॉक्टरने "माझे रुग्ण बरे झाले" म्हटले तरी विज्ञान तेवढ्यावर थांबत नाही. तुलना करावी लागते. ती आफ्रिकेतल्या युगांडा देशात झाली. हर्निया असलेल्या ३०२ पुरुषांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला महागडी जाळी बसवली, दुसऱ्याला मच्छरदाणीच्या कापडाची. कुणाला कोणती द्यायची हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही, नाहीतर बऱ्या रुग्णाला एक आणि अवघड रुग्णाला दुसरी, असा पक्षपात नकळत होतो. वर्षभराने पाहिले तर स्वस्त जाळीच्या गटात फक्त एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. इतर त्रास दोन्हींकडे जवळपास सारखेच होते. हा निष्कर्ष २०१६ साली जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोंडाईचातल्या कल्पनेवर अशी जगाची मोहोर उमटली.

पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या पद्धतीत बाहेरची जाळीच लागत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या मजबूत आवरणाची पट्टी वापरून भिंत बळकट करतात. २००१ पासून त्यांनी ती पद्धत मांडली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर अशीच चिठ्ठीची तुलना झाली. तीन वर्षांनंतर हर्निया परत येणे आणि जुनाट दुखणे या दोन्ही बाबतींत ही पद्धत आणि जाळीची पद्धत यांत मोठा फरक आढळला नाही.

कोणती पद्धत आपल्याला योग्य, हे डॉक्टर ठरवतील. पण ऑपरेशननंतर कमी दुखावे आणि माणूस लवकर कामाला लागावा, ही सुद्धा विज्ञानाची जबाबदारी आहे. तो श्रीमंतांचा चोचला नाही.

दुखणे घड्याळाने थांबवायचे

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक डॉ. हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात साधा प्रश्न विचारला: ऑपरेशन झालेल्या माणसाला आज घरी जाण्यापासून नेमके काय अडवते? उत्तरे निघाली ती अशी: दुखणे, मळमळ, अंथरुणात पडून राहणे, उपाशी राहणे. एकेकावर उपाय केला तर माणूस लवकर उठतो. दुखण्याबाबत त्यांचे सांगणे असे की एकाच जोरदार औषधावर अवलंबून राहू नये. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन साधी औषधे एकत्र वापरावीत, म्हणजे प्रत्येकाचा डोस कमी लागतो आणि गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठ टळते.

व्यवहारात याचा अर्थ असा. ऑपरेशनच्या वेळी जखमेत बधिर करणारे औषध टोचतात, त्याचा असर काही तास राहतो. तो ओसरायच्या आधीच पहिली गोळी पोटात गेलेली असावी. त्यानंतर पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखले तरच नव्हे. दुखणे एकदा चढले की उतरवायला जास्त औषध लागते.

दोन सावधगिऱ्या पाळा. क्रोसिन आणि डोलो ही नावे वेगळी, पण दोन्हींत औषध पॅरासिटामॉलच आहे. दोन्ही मिळून घेतल्या तर डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होऊ शकते. दारू पिणाऱ्याने तर डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. दुसरे, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या गोळ्या जेवल्यावर घ्याव्यात. पोटात अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, दमा असेल तर आधी सांगावे.

आता अवघड गोष्ट. वॉर्डात काम करताना एक वाक्य मी अनेकदा ऐकले: "ही कष्टाची माणसं, काटक असतात. सोसतात." आणि आपली माणसेही दात आवळून म्हणतात, "चाललंय सिस्टर." काबाडकष्ट करणाऱ्याच्या शरीराला कमी दुखते, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. दुखणाऱ्या पोटाने माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. मग छातीत कफ साठतो आणि पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हणून नर्सला आकडा सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. "खूप दुखतं" ऐकून कुणी दुर्लक्ष करील, पण "सात आहे, खोकता येत नाही" हे केसपेपरवर लिहावे लागते.

लवकर उठा, नीट खा

हर्नियाच्या साध्या ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी, डॉक्टरांना विचारून, कुणाच्या तरी आधाराने उठून लघवीला जावे. खोकताना-शिंकताना घडी घातलेला टॉवेल जखमेवर हाताने दाबून धरावा. वृषणाला थोडी सूज, निळसरपणा येतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. घट्ट चड्डीचा आधार बरा वाटतो.

काही घरांत "जखमेत पू होईल" म्हणून डाळ, भात, अंडी बंद करतात. हे चूक आहे. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, कडधान्य, अंडी, भाकरी, भाजी आणि भरपूर पाणी द्या, म्हणजे शौचाला कुंथावे लागणार नाही.

तंबाखू, विडी, मिश्री हा आपला जुना शत्रू. डेन्मार्कमध्ये गुडघा-खुब्याचे सांधे बदलण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे धूम्रपान सोडायला मदत केलेल्या गटात १८ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली. मदत न केलेल्या गटात ५२ टक्क्यांना. एवढा फरक पाडणारी गोळी बाजारात नाही.

कामावर कधी जायचे? २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, त्रास होत नसेल तशी रोजची हालचाल लवकरात लवकर सुरू करावी. महिनोन्‌महिने अंथरुणात पडायची गरज नाही. मात्र विटांचे घमेले आणि गोदामातली पोती ही रोजची हालचाल नव्हे. म्हणून डॉक्टरांना नेमके विचारा: "मी अमुक किलो ओझे उचलतो, ते कधीपासून उचलू?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या, मुकादमाला दाखवायला.

साध्या हर्नियाचे ऑपरेशन आपल्या सोयीने ठरवता येते. लावणी उरकल्यावर आणि भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी भादव्यात हात थोडे मोकळे असतात. तो काळ बघा. अडकलेला हर्निया मात्र हंगाम बघत नाही.

जाण्यापूर्वी हे विचारा

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय याच विभागाची आहेत. आधी तिथे तपासून घ्या. ऑपरेशन तिथे होणार नसेल तर पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. मग डॉक्टरांना विचारा:

१. जागा बधिर करून ऑपरेशन होईल, की कमरेत इंजेक्शन देऊन, की पूर्ण भूल देऊन?
२. जाळी बसवणार का? पैसे लागतील का?
३. पाणी किती वाजेपर्यंत पिऊ? (बहुतेकांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, पण भूलतज्ज्ञांनी सांगितले तरच. दुधाचा चहा चालत नाही.)
४. घरी गेल्यावर कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस?
५. ताप, पू, वाढती लाली, लघवी अडणे असे झाले तर कुणाला भेटू?

ऑपरेशननंतर तीन महिने उलटूनही जांघेत दुखत असेल तर "असेलच" म्हणून गप्प बसू नका. दहा-बारा टक्के रुग्णांना असे दुखते आणि त्यावर उपचार आहेत. परत दाखवा.

आणि कुणी "तुम्हाला संशोधनात घेतो" म्हटले तर घाबरूही नका, आंधळी सहीही करू नका. संशोधन झाले म्हणूनच वरची सगळी माहिती आपल्याला मिळाली. पण आपल्या भाषेत समजावून घेणे, विचार करायला वेळ मागणे, नाही म्हणणे आणि मध्येच बाहेर पडणे हा आपला हक्क आहे. नाही म्हटल्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हा अंक मोठ्याने वाचा. फडका आवळून बसलेला एखादा बांधव तिथे नक्की असेल. त्याला दवाखान्यात एकटे पाठवू नका, सोबत जा.